जुन्या आर्केड गेमचे सुटे भाग कसे शोधावेत आणि मॉनिटर कसा जुळवून घ्यावा

जुने आर्केड मशीन विकत घेणारा नवा संग्राहक बहुतेक वेळा गेमच्या नावाने सुटे भाग शोधू लागतो. ‘पॅक-मॅनचा मॉनिटर’, ‘गॅलगाचा पॉवर सप्लाय’ अशा शब्दांनी केलेल्या शोधातून फारसे काही हाती लागत नाही, आणि जे लागते ते महाग असते. याचे कारण साधे आहे. गेम बनवणाऱ्या कंपन्या मॉनिटर, जॉयस्टिक, नाणेयंत्रणा किंवा ट्रान्सफॉर्मर क्वचितच स्वतः बनवत असत. त्या बाजारातून घेत आणि एकाच गेमच्या दोन खेपांत दोन वेगळ्या कंपन्यांचे भागही बसवत. मिडवेने बाजारात आणलेल्या पॅक-मॅनच्या कॅबिनेटमध्ये कुठे इलेक्ट्रोहोमचा जी०७ मॉनिटर सापडतो, तर कुठे वेल्स-गार्डनरचा के४६००. हेच दोन मॉनिटर त्या काळातल्या इतर कितीतरी गेममध्येही आहेत. म्हणून शोध गेमच्या नावाने नव्हे, तर त्या भागाच्या स्वतःच्या नावाने आणि क्रमांकाने करावा. या लेखातल्या बाकीच्या सर्व सूचनांचा पाया हाच आहे.

आधी ओळख, मग शोध

कॅबिनेटचे मागचे दार उघडल्यावर काहीही सोडवण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कोणत्या रंगाची वायर कोणत्या पिनेवर जाते, कोणता कनेक्टर कोणत्या दिशेने बसला आहे, कुठे आधीच्या मेकॅनिकने जोड मारला आहे, हे सर्व त्या छायाचित्रांत स्पष्ट दिसले पाहिजे. त्यानंतर मॉनिटरच्या चेसिसवरचा (ट्यूब चालवणाऱ्या सर्किटच्या सांगाड्यावरचा) मॉडेल क्रमांक, पिक्चर ट्यूबच्या मागच्या चिठ्ठीवरचा क्रमांक, फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरवर (ट्यूबसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या भागावर) छापलेला क्रमांक आणि गेम बोर्डावर कोरलेला क्रमांक असे चार क्रमांक लिहून घ्यावेत. चेसिस आणि ट्यूब यांचे क्रमांक स्वतंत्र लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण दुरुस्तीच्या ओघात ट्यूब बदललेली असू शकते, आणि मग मूळ पुस्तिकेवर विसंबून मागवलेला भाग जुळत नाही.

बहुतेक जुन्या मशीनच्या मूळ पुस्तिका स्कॅन केलेल्या स्वरूपात मिळतात. गेमची पुस्तिका आणि मॉनिटरची पुस्तिका या वेगळ्या असतात, दोन्ही मिळवाव्यात. गेमच्या पुस्तिकेत वायरिंग आणि बोर्डाचा नकाशा असतो, तर मॉनिटरच्या पुस्तिकेत चेसिसचा संपूर्ण नकाशा, योग्य व्होल्टेज आणि प्रत्येक भागाची यादी असते. याखेरीज १९९७ साली सुरू झालेला, जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारा मेम (MAME) हा एम्युलेटर संग्राहकाला संदर्भग्रंथासारखा उपयोगी पडतो. कोणताही गेम त्यात उघडून त्याची माहिती पाहिल्यास मूळ बोर्डावरचे प्रोसेसर, ध्वनीच्या चिप, चित्राचे रिझोल्यूशन, चित्र उभे आहे की आडवे आणि ते सेकंदाला किती वेळा ताजे होते, हे सर्व कळते. मॉनिटर निवडताना हीच माहिती लागते. एखाद्या रॉम चिपमधला, म्हणजे गेमचा प्रोग्राम साठवणाऱ्या चिपमधला, मजकूर शाबूत आहे का, हेही रीडरने वाचलेली फाइल मेमच्या यादीशी ताडून पाहता येते.

भाग कुठे शोधावेत

सर्वात चांगला साठा बहुधा जुन्या ऑपरेटरांकडे असतो, म्हणजे ज्यांनी एकेकाळी दुकानांत आणि करमणूक केंद्रांत मशीन लावून धंदा केला त्यांच्याकडे. बंद पडलेले मशीन फेकून न देता त्यातले भाग दुसऱ्या मशीनसाठी ठेवायचे, ही त्यांची पद्धत होती, आणि त्यामुळे त्यांच्या गोदामात सुटे चेसिस, नेक बोर्ड (ट्यूबच्या मानेवर बसणारे छोटे बोर्ड), कनेक्टरसह कापलेले वायरिंग, नाणेयंत्रणा असे पुष्कळ काही पडून असते. त्यांच्याशी बोलताना गेमचे नाव सांगण्याऐवजी चेसिसचे छायाचित्र दाखवावे. नाव विस्मरणात गेले तरी ज्याच्यावर वर्षानुवर्षे काम केले ते चेसिस ते लगेच ओळखतात.

दुसरे ठिकाण म्हणजे जुने टीव्ही दुरुस्त करणारे मेकॅनिक. आर्केड मॉनिटर आणि पिक्चर ट्यूबचा रंगीत टीव्ही यांचे तंत्र एकाच घराण्यातले आहे. हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर, व्हर्टिकल आयसी, उच्च व्होल्टेजचे कपॅसिटर, पॉसिस्टर हे भाग त्यांच्याकडे किंवा त्यांच्या ओळखीच्या दुकानात मिळू शकतात. मुख्य म्हणजे टाकून दिलेल्या जुन्या टीव्हीची ट्यूब आर्केड मॉनिटरला बसू शकते. पिक्चर ट्यूबचे उत्पादन आता थांबले असल्याने चांगल्या ट्यूबचा हा साठा पुन्हा भरून येणार नाही. म्हणून रस्त्यावर टाकलेला टीव्ही दिसला, तर निदान त्याच्या ट्यूबचा क्रमांक वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

बोर्डावरच्या भागांचे दोन प्रकार पडतात. साध्या टीटीएल चिप, २११४ सारखी रॅम, २७१६ किंवा २७६४ सारखे ईप्रॉम, कपॅसिटर आणि रेझिस्टर हे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात आजही मिळतात. मात्र कंपनीने खास स्वतःसाठी बनवून घेतलेल्या चिप, उदाहरणार्थ गॅलगाच्या बोर्डावरच्या नॅमकोच्या चिप, बाजारात नव्या मिळत नाहीत. त्या दुसऱ्या मृत बोर्डावरूनच काढाव्या लागतात, किंवा हौशी अभियंत्यांनी तयार केलेली पर्यायी चिप वापरावी लागते. म्हणून ‘चालत नाही’ अशा वर्णनाने विकला जाणारा बोर्ड घेण्यापूर्वी त्यावरच्या खास चिप जागेवर आहेत का, हे छायाचित्रात मोजून पाहावे. सॉकेट रिकामी असतील तर तो बोर्ड आधीच कोणीतरी भागांसाठी वापरलेला असतो. कॅपकॉमच्या सीपीएस-२ सारख्या बोर्डांवर बॅटरी असते, आणि ती संपली की गेम उलगडण्याची किल्ली पुसली जाऊन बोर्ड बंद पडतो. असा बोर्ड घेताना बॅटरी केव्हा बदलली हे अवश्य विचारावे.

जॉयस्टिक, बटणे आणि ट्रॅकबॉल यांच्याबाबत फार चिंता नको. सानवा, सेइमित्सू आणि हॅप यांच्या पद्धतीचे भाग नवे मिळतात. ट्रॅकबॉल अडखळत असेल तर दोष बहुधा रोलर आणि बेअरिंगमध्ये असतो, आणि ती बेअरिंग सर्वसाधारण मापाची असल्याने बेअरिंगच्या दुकानात मोजून घेता येतात. जुन्या गेममधली पत्तीची स्विच मात्र शक्यतो फेकू नयेत. पत्तीचे टोक जाड कागदाने घासून आणि किंचित वाकवून ती पुन्हा उत्तम चालतात, आणि त्यांचा आवाज व हाताला लागणारा प्रतिसाद मायक्रोस्विचला येत नाही.

ट्यूबला हात लावण्यापूर्वी

रंगीत पिक्चर ट्यूबच्या अॅनोडवर, म्हणजे काचेवरच्या रबरी टोपीखालच्या जोडावर, २०,००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. प्लग काढून मगच काम सुरू करावे. चांगल्या इन्सुलेशनच्या मुठीचा चपटा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, त्याच्या दांड्याला क्लिपने वायर जोडावी आणि वायरचे दुसरे टोक ट्यूबला वेढणाऱ्या उघड्या तारेच्या वेणीला किंवा ट्यूबच्या धातूच्या चौकटीला लावावे. मग एक हात पाठीमागे ठेवून स्क्रूड्रायव्हरचे टोक रबरी टोपीखाली आतल्या धातूला लागेपर्यंत सरकवावे. काही मिनिटांनी हीच क्रिया पुन्हा करावी, कारण काचेत मुरलेला भार हळूहळू परत जमा होतो. ट्यूबची मान अतिशय नाजूक असते. ट्यूब मानेला धरून कधीही उचलू नये आणि काम करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने ते जाणकाराच्या शेजारी उभे राहून शिकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरा धोका कमी परिचित आहे. जी०७, के४६००, के७००० यांसारख्या अनेक मॉनिटरांचे चेसिस वीजपुरवठ्यापासून वेगळे केलेले नसते, आणि त्यांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची गरज असते. मूळ कॅबिनेटमध्ये तो खाली बसवलेला असतो. असा मॉनिटर बाहेर काढून टेबलावर थेट भिंतीतल्या विजेवर लावला, तर चेसिसवरच वीज उतरते आणि गेम बोर्ड जोडताच दोन्ही जळू शकतात. सुटा मॉनिटर विकत घेताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर सोबत आहे का, हे म्हणूनच पहिल्यांदा विचारावे. तो किती व्होल्टचा आहे, हेही पाहावे.

मूळ मॉनिटर आधी वाचवावा

मॉनिटर बदलण्याचा विचार करण्यापूर्वी मूळ मॉनिटरला एक प्रामाणिक संधी द्यावी, कारण त्याचे बहुतेक दोष थोड्या खर्चात दूर होतात. पहिला संशयित म्हणजे ड्राय सोल्डर. चेसिस उलटे करून तिरक्या प्रकाशात भिंगातून पाहिले की फ्लायबॅकच्या पिनांभोवती, कनेक्टरच्या खुंट्यांभोवती आणि तापणाऱ्या मोठ्या रेझिस्टरांभोवती केसाएवढी बारीक गोल भेग दिसते. पीन आणि सोल्डर यांच्यात ती भेग पडलेली असते. मशीन गार असताना चित्र येते, तापले की जाते, आणि कॅबिनेटवर थाप मारली की परत येते. जुने सोल्डर शोषून काढून नवे घालावे. नुसते वरून तापवलेले सोल्डर फार दिवस टिकत नाही.

दुसरा संशयित म्हणजे वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. प्रत्येक प्रसिद्ध चेसिससाठी सर्व कपॅसिटरांचा तयार संच विकत मिळतो, आणि नसेल तर पुस्तिकेतल्या यादीवरून तो जमवता येतो. कपॅसिटरचे मूल्य तेच ठेवावे, व्होल्टची क्षमता तेवढी किंवा अधिक घ्यावी, १०५ अंश सेल्सिअसचे घ्यावेत आणि धन-ऋण टोके बसवण्यापूर्वी दोनदा तपासावीत. एका वेळी एकच कपॅसिटर काढून एकच बसवणे हीच सुरक्षित रीत आहे.

दोष ओळखण्याच्या काही खुणा आहेत. पडद्याच्या मधोमध एकच आडवी तेजस्वी रेघ असेल तर व्हर्टिकल विभाग बंद पडला आहे. अशा वेळी ब्राइटनेस ताबडतोब कमी करावा, नाहीतर ती रेघ फॉस्फरवर, म्हणजे पडद्याच्या आतल्या चमकणाऱ्या थरावर, कायमची जळते. एक रंग गायब असेल तर नेक बोर्डावरचा त्या रंगाचा ट्रान्झिस्टर किंवा त्याचे सोल्डर तपासावे. चित्र धूसर होऊन तिरक्या पांढऱ्या रेघा दिसत असतील तर फ्लायबॅकवरचे स्क्रीन आणि फोकसचे नॉब आधी हलक्या हाताने फिरवून पाहावेत. फ्यूज पुनःपुन्हा उडत असेल तर हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असण्याची शक्यता असते, आणि त्यामागे बऱ्याचदा फ्लायबॅक असतो. तो बदलताना मूळ क्रमांकाला पर्यायी म्हणून सांगितलेलाच फ्लायबॅक घ्यावा. दिसायला सारखा असलेला दुसरा चालत नाही.

ट्यूबच मेलेली असेल तर टीव्हीची ट्यूब लावताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: मानेचा व्यास आणि सॉकेटच्या पिना, किरण वळवण्याचा कोन, म्हणजे ९०, १०० किंवा ११० अंश, आणि योक, म्हणजे मानेभोवतीची किरण वळवणारी कॉइल. आर्केडचा मूळ योक नव्या ट्यूबवर नीट बसत असेल तर तोच ठेवावा. बसत नसेल आणि टीव्हीचा योक वापरायचा असेल, तर आडव्या कॉइलचे इंडक्टन्स आणि उभ्या कॉइलचा रोध मूळ योकच्या जवळपास असावा लागतो. आडव्या कॉइलमध्ये फार फरक असेल तर हॉरिझॉन्टल ट्रान्झिस्टर जळतो. योक सरकवल्यावर रंगांची शुद्धता आणि तीन रंगांचा मेळ पुन्हा लावावा लागतो, आणि मानेवरच्या चुंबकी कड्यांशी खेळत बसण्याचे हे काम धीराचे आहे.

दुसरा मॉनिटर जुळवताना

मूळ मॉनिटर वाचण्यासारखा नसेल तर पर्याय निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात: वारंवारता, सिग्नलची पातळी आणि सिंक, म्हणजे ओळ आणि चित्र कुठे सुरू होते हे सांगणारा सिग्नल. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंतचे बहुसंख्य रास्टर गेम (ओळीओळीने चित्र काढणारे) सुमारे १५.७ किलोहर्ट्झच्या आडव्या वारंवारतेवर, म्हणजे सेकंदाला तितक्या ओळी काढत, चालतात, आणि जुन्या टीव्हीचीही तीच वारंवारता असते. अटारीचा पेपरबॉय किंवा सेगाचा डेटोना यूएसए यांसारखे काही गेम २४-२५ किलोहर्ट्झच्या मधल्या पातळीवर आहेत. संगणकाचा व्हीजीए सिग्नल ३१.५ किलोहर्ट्झपासून सुरू होतो. एकाच वारंवारतेसाठी बनवलेल्या १५ किलोहर्ट्झच्या मॉनिटरला ३१ किलोहर्ट्झचा सिग्नल दिल्यास चित्र तर येत नाहीच, वर मॉनिटर खराबही होऊ शकतो. जुन्या कॅबिनेटमध्ये संगणक बसवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण संगणक सुरू होतानाचा पहिला पडदाच ३१ किलोहर्ट्झचा असतो.

१९८५ मध्ये ठरलेल्या जॅमा मानकामुळे नंतरच्या बोर्डांची जोडणी सोपी झाली. ५६ पिनांच्या या कनेक्टरवर १२ व्या पिनेवर लाल, एन वर हिरवा, १३ वर निळा, पी वर सिंक आणि १४ वर व्हिडिओचा ग्राउंड असतो. कनेक्टर उलटा बसू नये म्हणून सातव्या पिनेच्या जागी बोर्डावर खाच आणि कनेक्टरमध्ये तिच्यात बसणारी अडसर-पट्टी असते. ती अडसर-पट्टी नसलेला कनेक्टर वापरू नये. बोर्ड जोडण्यापूर्वी रिकाम्या कनेक्टरवर ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट मोजावेत, आणि बोर्ड लावल्यावर ५ व्होल्ट पुन्हा बोर्डाच्याच कडेवर मोजावेत, कारण वायरमध्ये व्होल्टेज पडते. जॅमापूर्वीच्या बोर्डांसाठी अॅडॅप्टर लागतो, आणि काही बोर्डांची गरज वेगळीच असते. पॅक-मॅनच्या बोर्डाला ट्रान्सफॉर्मरची एसी वीज जाते आणि तिचे डीसी बोर्डावरच होते. त्यामुळेच त्याच्या ४४ पिनांच्या कडेवरच्या पट्ट्या बऱ्याचदा जळून काळ्या पडलेल्या असतात. असा बोर्ड घेताना ती कड सर्वात आधी पाहावी.

आता सिग्नलच्या पातळीकडे वळू. आर्केड बोर्डाचे रंगांचे सिग्नल साधारण ३ ते ५ व्होल्टपर्यंत जातात, तर स्कार्ट या युरोपी कनेक्टरचा टीव्ही किंवा व्यावसायिक व्हिडिओ मॉनिटर ७५ ओहमच्या भारावर ०.७ व्होल्ट अपेक्षितो. थेट जोडणी केल्यास रंग भडक होऊन मिटतात आणि समोरच्या उपकरणावर ताण येतो. प्रत्येक रंगाच्या वायरीत मालिकेत रेझिस्टर घालावा. हिशोब सोपा आहे: ३ व्होल्टच्या सिग्नलसाठी सुमारे २५० ओहम आणि ५ व्होल्टसाठी सुमारे ४६० ओहम लागतात. तिन्ही रंगांना ५०० ओहमचे प्रीसेट (स्क्रूने बदलता येणारे रेझिस्टर) लावून जास्त रोधापासून खाली येत जावे, म्हणजे पांढरा रंग डोळ्यांनी जुळवता येतो. सिंकलाही ४७० ओहमचा रेझिस्टर लावावा. टीव्हीला सिंक पटत नसेल तर एलएम१८८१ ही छोटी आयसी स्वच्छ सिंक काढून देते. बोर्ड आडवा आणि उभा सिंक वेगवेगळा देत असेल आणि मॉनिटरला एकत्र हवा असेल, तर ७४८६ सारख्या एक्सॉर गेटने तो एकत्र करता येतो.

निन्टेन्डोच्या डाँकी काँगसारख्या गेमची गोष्ट निराळी आहे. त्यांत सान्योचा मॉनिटर असतो आणि त्याला उलटे रंग लागतात, म्हणजे बोर्ड काळ्याच्या जागी वरची आणि पांढऱ्याच्या जागी खालची पातळी पाठवतो. दुसरा कोणताही मॉनिटर लावल्यास चित्र निगेटिव्हसारखे दिसते. त्यासाठी रंग उलटवणारा छोटा बोर्ड मध्ये घालावा लागतो, आणि आवाजाचा अॅम्प्लिफायरही मूळ मॉनिटरवरच असल्याने तोही वेगळा बसवावा लागतो. हे आधी न कळल्यास माणूस निरोगी बोर्डातच दोष शोधत राहतो.

एलसीडी पडदा हा माझ्या मते शेवटचा पर्याय आहे, पण तो नीट केला तर वाईट दिसत नाही. स्वस्त जीबीएस-८२०० सारखा बोर्ड १५ किलोहर्ट्झचे व्हीजीएत रूपांतर करतो, मात्र चित्र साठवून पुढे पाठवत असल्याने हाताच्या हालचालीनंतर किंचित उशीर जाणवतो. ओएसएससी हे उपकरण चित्र न साठवता प्रत्येक ओळच अनेक पट करते, त्यामुळे उशीर जवळजवळ नसतो. पण बदल्यात पडद्याला गेमचीच वारंवारता पेलावी लागते. मॉर्टल कॉम्बॅट सेकंदाला सुमारे ५५ चित्रे देतो, आणि केवळ ६० मानणारे पडदे त्यावर काळे पडतात. पडदा ४:३ आकाराचाच घ्यावा. १६०० बाय १२०० चा पडदा मिळाल्यास २४० ओळी बरोबर पाच पटीत बसतात आणि कडा रेखीव राहतात. लाइटगनचे (पडद्यावर नेम धरण्याच्या बंदुकीचे) जुने गेम एलसीडीवर चालत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी ट्यूबच हवी.

व्हेक्टर गेम या सर्व चर्चेच्या बाहेर आहेत. अॅस्टेरॉइड्स किंवा टेम्पेस्टमध्ये बोर्ड ओळींचे चित्र पाठवतच नाही. तो किरणाला थेट एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत ओढत नेतो, म्हणून टीव्ही, रास्टर मॉनिटर किंवा वर सांगितलेले रूपांतरक त्यांना उपयोगाचे नाहीत. टेम्पेस्टच्या वेल्स-गार्डनर ६१०० चे सुधारित पॉवर सप्लाय बोर्ड आणि कपॅसिटर संच मिळतात, आणि ते वापरून तो मॉनिटर दुरुस्त करणे हाच योग्य मार्ग आहे. त्याच्या चेसिसवरचा लाल दिवा पेटलेला असेल तर हलत नसल्याने किरण मुद्दाम बंद ठेवला गेला आहे असे समजावे, आणि आधी गेम बोर्डाकडून सिग्नल येतो आहे का ते पाहावे.

उभ्या गेमसाठी आडवा मॉनिटर फिरवून बसवल्यास पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे कोपऱ्यांत रंगांचे डाग दिसतात. डिगॉसिंग (चुंबकत्व घालवणारी) कॉइल पडद्यासमोर गोल फिरवत हळूहळू दूर नेऊन मगच बंद करावी. उभ्या एलसीडीसाठी आयपीएस पडदा घ्यावा, कारण टीएन पडदा फिरवल्यावर दोन शेजारच्या खेळाडूंना वेगवेगळे रंग दिसतात. कोणताही बदल करताना मूळ वायरिंग कापू नये. मूळ कनेक्टरला बसणारा अॅडॅप्टर बनवावा, आणि काढलेले चेसिस व नेक बोर्ड त्यांचे क्रमांक आणि दोष लिहिलेल्या चिठ्ठीसह जपून ठेवावेत, म्हणजे पुढे जुळणारी ट्यूब किंवा फ्लायबॅक मिळाला की मूळ मॉनिटर तासाभरात परत बसवता येतो.